डावीकडे वळणारी आई

लोकप्रिय कथा ही समाजाच्या सामूहिक अंतःकरणाची हाक असते. हे वाक्य मी ठाण्याच्या एका व्याख्यानमालेत, अंगावर शाल असताना बोललो होतो आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. शाल अंगावर असली की माणूस असं बोलतो. पुढे त्याच कीर्तीच्या जोरावर डोंबिवलीतल्या आमच्या रस्त्यावरच्या गणेश मंडळाने मला देखाव्याची संहिता लिहायला सांगितली, आणि ही हाक नेमकी कुठून येते ते मला जवळून पाहता आलं.

देखावा चलचित्रांचा. म्हणजे पुतळे, त्यांच्या पोटात मोटारी, आणि मागे सात मिनिटांचं ध्वनिमुद्रित निवेदन. विषय कार्यकर्त्यांनीच ठरवला होता: वृद्धाश्रम. कारण आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी त्याच उन्हाळ्यात टिटवाळ्याजवळच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेल्या होत्या.

त्यांना कोणी पाठवलं नव्हतं. नातवाच्या बारावीपायी घरातला टीव्ही दोन वर्षं बंद होता, सुनेला स्वयंपाकघरात लुडबूड खपत नव्हती, आणि टिटवाळ्याला आजींच्या दोन मैत्रिणी आधीच जाऊन कॅरम खेळत होत्या. अर्ज आजींनी स्वतः भरला. मुलगा नको नको म्हणत होता. तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मालाचा दर्जा तपासायचा. पन्नाशीचा, भिडस्त माणूस. निघायच्या दिवशी लिफ्ट बंद होती म्हणून आजींची एक बॅग मीच खाली उतरवली. आजी टॅक्सीत पुढे बसल्या होत्या, हसत. मागे मुलगा रुमालात तोंड लपवून बसला होता.

पहिला खर्डा मी असाच लिहिला. कार्यकर्त्यांनी तो शांतपणे ऐकला.

"काका, आजी खूश, आश्रम खूश. मग पब्लिकने करायचं काय?" अध्यक्षाने विचारलं.

"विचार करायचा," मी म्हणालो.

"गर्दीत कोण विचार करतो काका? मागून धक्का येतो. तुम्ही रडवा ना. बास."

खजिनदार म्हणाला, "आणि आईचा पुतळा आपल्याकडे आहेच. गेल्या वर्षीचा, जवानाच्या आईचा. नुसती साडी बदलायची."

त्या पुतळ्याची मान फक्त डावीकडे वळायची. म्हणून मुलाला डावीकडे उभं केलं आणि उरलेल्या जागेत, उजवीकडे, सुनेला. साहजिकच सात मिनिटांत आई सुनेकडे एकदाही पाहत नव्हती. एका प्राध्यापकांनी मला थांबवून सांगितलं की सुनेकडे न पाहण्यातला तो मूक धिक्कार त्यांना फार भेदक वाटला. मी नम्रपणे मान हलवली. माझी दोन्हीकडे वळते.

संहिता मी बदलली. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट एका दुपारी एक ओळ आपसूक सुचली: "जगाच्या मालाचा दर्जा तपासणारा हा लेक, आईच्या मायेला मात्र नापास करून बसला!" वाईट ओळ होती. ती चालणार हे मला लिहितानाच कळलं, आणि ती कोणाला चिकटणार हेही कळलं. मी ती ठेवली. कार्यकर्त्यांनी ओळ ऐकली आणि न सांगता मुलाच्या पुतळ्याला चष्मा आणि चौकड्यांचा हाफ शर्ट चढवला. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रोज तोच घालत.

पहिल्याच दिवशी रांग चौकापर्यंत गेली. मी मांडवाच्या खांबापाशी उभा राहून प्रेक्षक पाहत असे. एक बाई पदर डोळ्यांना लावून नवऱ्याला म्हणाली, "चला हो लवकर, आईंना बाहेरून कडी लावून आलोय." आणि पुन्हा रडली. दोघंही मनापासून रडत होते. त्यांना स्वतःपेक्षा वाईट असा एक मुलगा हवा होता, तो आम्ही विजेवर चालवून दाखवला. लोकप्रियतेबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, पण कडीचा उल्लेख कुठे सापडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत त्या गृहस्थांशी कोणी बोलेना. गौरीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या बायकोला बोलावणं आलं नाही. ते माझ्याकडे आले, दारातच उभे राहिले.

"सर, तुम्ही बॅग उतरवलीत. तुम्हाला माहितीये. एकदा माइकवरून सांगा ना."

"देखाव्यांच्या स्पर्धेचा निकाल लागू दे," मी म्हणालो.

ते म्हणाले, "ठीक आहे, आईलाच आणतो."

पाचव्या दिवशी त्यांनी आईला टिटवाळ्याहून आणलं. आरतीनंतर तिने दोन वाक्यं बोलायची, मी माझ्या मर्जीने गेले, मुलगा सोन्यासारखा आहे, एवढंच ठरलं होतं. आरतीआधी आजींना पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. त्यांनी देखावा एकदा पाहिला. मग म्हणाल्या, "परत लावा." दुसऱ्या खेपेला त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बायका येऊन पाया पडू लागल्या. कोणी पेढा भरवला, कोणी नुसताच हात धरून बसली. ऐंशी वर्षांत आजींकडे इतक्या लोकांनी एकदम पाहिलं नव्हतं.

मुलाने माइक त्यांच्या हातात दिला. "आई, सांग ना. तू स्वतः गेलीस ते."

आजींनी पुतळ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे.

"मुलांचा दोष नसतो हो," त्या म्हणाल्या. "आपलंच नशीब."

मांडवात हुंदका फुटला. अध्यक्षाने माझा हात दाबला.

आजी परत निघाल्या तेव्हा मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. मुलगा पांढराफटक पडला होता. "आई, हे काय बोललीस?"

"अरे, एवढी माणसं रडत होती. त्यांचा विरस कशाला करायचा?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तूच लिहिलंस ना? छान जमलंय. अगदी असंच झालं बघ."

मुलाने रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

स्पर्धेत आम्हाला तिसरा क्रमांक मिळाला. पहिला कल्याणच्या एका मंडळाने नेला. विषय वृद्धाश्रमच, पण त्यांच्या आईच्या डोळ्यांतून खरं पाणी यायचं. आत कूलरचा पंप होता. निकाल लागला तरी मी माइकवरून काही सांगितलं नाही. मांडव उतरवला होता, हे कारण मला पुरेसं वाटलं.

दिवाळीनंतर त्या गृहस्थांनी घर भाड्याने दिलं आणि बाळकुमला, कोणी ओळखत नाही अशा एका टॉवरच्या सतराव्या मजल्यावर ते राहायला गेले. दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाज सपाट होता.

"सर, इथल्या सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या देखाव्याचा व्हिडिओ आलाय. सगळे काहीतरी लिहितायत. मी गप्प राहिलो तर लोक विचारतील, यांनाच का झोंबलं."

"मग?"

"मी लिहिलं, अशा मुलांना भर चौकात फटके मारले पाहिजेत."

मी विचारलं, कोणी काही म्हणालं का.

त्यांच्या मताला ग्रुपवर सर्वांत जास्त अंगठे आले होते आणि त्यांना सोसायटीच्या सांस्कृतिक समितीवर घेण्यात आलं होतं.