लाईट गेलेली दुपार

चनमल्लप्पांनी उभा जन्म सोलापूरच्या गजबजलेल्या बाळीवेशीत ज्वारीचं दुकान चालवलं. राहायला दुकानामागच्याच दोन खोल्या. जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत बंगला बांधायचा, हा एकच ध्यास. तो बांधलाही. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी गच्चीपर्यंत हिंडवलं, फरशीवरून हात फिरवायला लावला. मग दुकान मुलाच्या, गुरुराजच्या हवाली केलं आणि आता सुखानं राहायचं म्हणून घरी बसले.

दिवाळीपर्यंत त्या फरशीकडं त्यांचंच लक्ष जाईनासं झालं. जेवणावरची वासना उडाली. कुणी काही विचारलं की चिडचिड. गुरुराजनं सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळं ठणठणीत निघालं. मग त्यानं हॉलमध्ये भिंतभर टीव्ही आणून लावला. आठवडाभर बरं गेलं.

"तुमाला झालंय तरी काय?" बायकोनं, सावित्रम्मांनी, एकदा विचारलं.

"काय न्हाय की."

खरंच त्यांना सांगता येत नव्हतं. मागितलं ते सगळं मिळालेलं. तक्रार करायचीच लाज वाटायची.

एप्रिलमध्ये एका दुपारी लाईट गेली. एसी बंद पडला, भिंती तापल्या. चनमल्लप्पा खुर्ची उचलून फाटकाबाहेर कडुलिंबाखाली येऊन बसले. समोरच्या घरातले गृहस्थ टॉवेलनं मान पुसत बाहेर आले.

"थंड पाणी हाय का, शेठ? आमचा फ्रिज बी गपगार झालाय."

वर्षभर समोरासमोर राहून दोघांनी एकमेकांची नावं विचारली नव्हती. हे खाजाभाई, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सावित्रम्मांनी माठातलं पाणी आणून दिलं आणि बोलता बोलता निघालं की, चनमल्लप्पा माल बघायला वैरागला जायचे ती एसटी कितीदा तरी खाजाभाईंच्याच हातात असायची.

"म्हंजे माझी कंबर तुमीच घालवली व्हय?"

"रस्त्याला बोला की! मला काय बोलता?"

चनमल्लप्पा खदखदून हसले, आणि आपल्याच हसण्यानं दचकले.

"अवो, लाईट आली! आत या," सावित्रम्मांनी हाक मारली. दोघांतलं कुणीच उठलं नाही.

त्या दिवसापासून संध्याकाळी खुर्च्या बाहेर येऊ लागल्या. खाजाभाईंची बायको अमिनाबी आणि सावित्रम्मा यांचं पायरीवर वेगळंच जमलं. निवडणुकीवरून एकदा दोघा गड्यांचं कडाक्याचं वाजलं, दोन दिवस अबोलाही झाला. पण चनमल्लप्पा आता कडक भाकरी शेंगाचटणीशी चवीनं खात होते.

जूनमध्ये खाजाभाई लेकीकडं अकलूजला महिनाभर गेले. पहिल्या संध्याकाळी चनमल्लप्पांनी टीव्ही लावला, बंद केला. पुन्हा तसंच रितं रितं वाटू लागलं. फक्त या खेपेला ते कशानं, हे कळत होतं. त्यांनी चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या घराचं फाटक वाजवलं. तिथं एक रिटायर्ड मास्तर राहतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. बाळीवेशीत स्वतःची ओळख सांगायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. मास्तर दारात आले तसा चनमल्लप्पांनी घसा खाकरला.

"मी चनमल्लप्पा. पलीकडंच राहतो. चहाला येता का?"

मास्तरांनी आधी चष्मा लावला, त्यांना नीट बघून घेतलं. "आत्ता?"

"आत्ताच की."