कागदाला एकच डोळा लागतो

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळूरच्या मारतहळ्ळीत, ऑफिसच्या लिफ्टसमोर उभी होते. रडू नंतर आलं, आधी रागच आला... आणि शोकसभेत कुणीतरी म्हणालं, ‘‘बिचारी, एका डोळ्यानं अधू असूनही चित्रकला शिकवायची,’’ तेव्हा तो उफाळून वर आला. असूनही कसलं, डोंबल?

अक्का माझी आत्या. पण बसवनगुडीच्या आमच्या घरात लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत. लहानपणीच्या दुखण्यात तिचा उजवा डोळा गेला. चित्रकला शिकून ती एका शाळेत नोकरी मागायला गेली, तर तिथले साहेब म्हणाले, एका डोळ्याला खोली कळत नाही, तुम्ही मुलांना वस्तुचित्र काय शिकवणार? अक्का म्हणाली, ‘‘पेन्सिल धरून माप घेताना तुम्हीही एक डोळा मिटताच की हो. मी मिटूनच आलेय.’’ नोकरी मिळाली नाही ती नाहीच. मग तिनं घरातल्या पुढच्या खोलीत वर्ग काढला आणि हात चालेनासा होईपर्यंत चालवला.

तिचा पहिला धडा ठरलेला. खिडकीत पितळी तांब्या आणि शेजारच्या भिंतीवर त्याच तांब्याचं, मागच्या गजांसकट तिनं रंगवलेलं चित्र. इतकं हुबेहूब, की लहानपणी मी त्याला हात लावून पाहिला होता. ‘‘एक डोळा मीट. आता मान स्वल्प हालव. काय सरकलं?’’ खरा तांब्या एक गज झाकायचा, दुसरा मोकळा करायचा. चित्रातला मात्र आपल्या गजांना चिकटलेला, हलायचं नाव नाही. ‘‘सरी, बरोबर! चित्राला एकच बाजू, तू कुठंही जा. वस्तूला मागची बाजू असते.’’ रस्त्यातसुद्धा अंतर जोखायला तिची मान अशी डुलायची. लोक हसायचे, आणि ती त्यांच्याकडे बघूनही मान डोलवायची.

परवा घरी गेले तर दादानं ते चित्र काढून तिथं अक्काचा मोठा फोटो लावलेला, चंदनाचा हार घालून. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर तिचा उजवा डोळा नीट करून दिलेला!

‘‘छान दिसतेय की गं,’’ दादा म्हणाला.

‘‘दिसतेय ना. पण ही आपली अक्का नाही.’’

मी स्टुलावर चढून फोटो उतरवला आणि चित्र जागच्या जागी लावलं. मी खिडकीपाशी बसले, उजवा डोळा मिटला, मान हलवली... तांब्यानं एक गज झाकला, दुसरा मोकळा केला. तो तिथून कुणी हलवायचा नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.