पालखीच्या क्रमाने

बाबांनी वाडीची वेबसाइट करायला घेतली तेव्हा मी हसले होते, हे आधीच कबूल करते. रत्नागिरीकडची आमची पंचेचाळीस घरांची वाडी. तिथली निम्म्याहून जास्त माणसं आता मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीला. बाबा नोकरीतून निवृत्त झाले, दोन महिने सोसायटीच्या कमिटीत भांडून झाले आणि मग मुलुंडच्या घरी संगणकापुढे बसून त्यांनी दर घराचं एक पान लिहायला सुरुवात केली. घरात कोण कोण होतं, गिरणीत कोण लागलं, परसातला फणस कापा की बरका. फणसावरून लोक फोन करून वाद घालायचे, म्हणजे साइट वाचली जात होती.

प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूला सगळ्या घरांच्या लिंकांची यादी होती. ती बाबा हाताने लिहीत. एका ओळीत बदल झाला की पंचेचाळीस पानांवर जाऊन तोच बदल पंचेचाळीस वेळा करायचा. मी मरोळच्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायचंच काम करते, त्यामुळे हे बघून माझं डोकं फिरायचं. रविवारी एवढ्या हौसेने जेवायला यावं, तर ताटातली आमटी गार होतेय आणि हा माणूस लिंका चिकटवत बसलाय.

यावर माझ्याकडे औषध होतं. मी एक प्लगिन लिहिलं होतं, म्हणजे वेबसाइटला वरून जोडायचा छोटासा प्रोग्रॅम. साइटवर कोणकोणती पानं आहेत ते तो स्वतः बघतो आणि लिंकांची यादी आपली आपण तयार करतो. नवं पान आलं की यादीत आपोआप चढतं. आमच्या कंपनीची बरीच गिऱ्हाइकं ते वापरत होती आणि मला त्याचा भारी अभिमान होता. एका रविवारी बाबा दुपारचे आडवे झालेले असताना मी ते जोडून टाकलं आणि त्यांच्या हातच्या याद्या पुसल्या. विचारलं नाही. उठल्यावर खूश होतील, एवढंच डोक्यात होतं.

उठून त्यांनी चष्मा लावला आणि यादी वरपासून खालपर्यंत नीट पाहिली. मग "झकास" म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. चहाला त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला. मी मात्र त्या एका शब्दावर आठवडाभर खूश होते.

पुढच्या रविवारी आम्ही जेवत असताना फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. घाटकोपरच्या काकी होत्या, आमच्या भावकीतल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांची नात त्यांना रोज मोबाइलवर वाडीची यादी वाचून दाखवायची. आठ दिवस झाले, यादीत त्यांचं घर नव्हतं.

"घराला कुलूप हाय म्हणून पालखी पुढं नेलीस काय रं?" काकींनी विचारलं.

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते. तिचा क्रम ठरलेला असतो आणि एकही घर चुकवायचं नसतं. बंद घरापुढेही पालखी थांबते. शेजारीण तिथे दिवा लावते, नारळ ठेवते. घर गाळलं, तर त्या माणसांना वाडीने आपल्यातून काढलं असाच अर्थ होतो. जुन्या माणसांना ही भीती अजून आहे.

"माझी चूक झाली, काकी," बाबा म्हणाले. माझं नावही काढलं नाही त्यांनी.

फोन ठेवल्यावर मी हात धुऊन प्लगिन उघडलं. काय झालंय ते मला काकी बोलत असतानाच कळलं होतं. पानात काही लिहिलेलं नसेल, तर त्याची लिंक दाखवायची नाही, हे मीच ठरवलं होतं. दुकानवाल्या गिऱ्हाइकांना रिकामी पानं नको असतात. बाबांच्या साइटवर लिहायची राहिलेली अशी बारा पानं होती. वर घराचं नाव, खाली काही नाही. ती सगळी गेली होती. उरलेली तेहेतीस घरं अकारविल्हे उभी होती.

चूक माझी होती म्हणूनच मी चिडले. "रिकामंच होतं ना पण पान," मी म्हटलं. "त्यात वाचायचं काय होतं?"

"घर आहे ना गं तिथे," बाबा म्हणाले.

लपवलेली पानं मी परत आणली. प्रश्न क्रमाचा होता. जुनी यादी पालखीच्या क्रमाने होती, हे काकी पालखीचं बोलेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्रत्येक पानाला नंबर देता येईल अशी सोय मी प्लगिनमध्ये केली आणि बाबांना म्हटलं, सांगा.

बाबा डोळे मिटून सांगायला लागले. सहाणेवरून, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावरून निघायचं, पहिलं मानकऱ्यांचं, मग विहिरीवरचं, मग पायऱ्या चढून वरची आळी. मध्येच म्हणायचे, जरा थांब, इथे चढ आहे. काकींचं घर आलं तेव्हा त्यांनी मला तेवढं साठवायला लावलं आणि फोन लावला. नातीने वाचून दाखवलं. काकी नातीला म्हणाल्या, देवापुढे नारळ ठेव.

"आता पुढचं आपलं," बाबा म्हणाले.

मी आमचं पान शोधलं. ते त्या बारांतलंच होतं. यादीतून आमचंच घर गेलेलं मला आठ दिवसांत एकदाही दिसलं नव्हतं. बाबांना त्या दुपारी उठल्या उठल्या दिसलं होतं.

"बोलला का नाहीत?"

"तू एवढी खूश होतीस."

"आणि एवढ्या घरांचं लिहिलंत, मग आपलं रिकामं का ठेवलंत?"

"ते तुझ्यासाठी ठेवलंय. माझ्यामागे यादी तूच बघणार ना."

मी आमच्या पानाला नंबर दिला आणि कर्सर खालच्या मोकळ्या जागेत नेला. काय लिहायचं ते सुचेना. आपल्या परसातला फणस कापा की बरका, तेसुद्धा मला माहीत नव्हतं. शेवटी बाबांनाच विचारलं.

"तो कधीच पडला गं," ते म्हणाले. "पण होता बरका."

मी तेवढंच लिहिलं आणि पान साठवलं.