नझीरने लावलेले तीन कॅमेरे

नझीरबद्दल गोमाजींना खरं तर फारच थोडं ठाऊक होतं. घर चवदार तळ्याच्या बाजूला, बारा-पंधरा वर्षं कुवेतच्या हॉटेलांतून केबल ओढण्याचं काम, चहात साखर दोन चमचे. त्याला मुलं किती, हेही गोमाजींनी कधी विचारलं नाही. स्वभाव भिडस्त, त्याला काय करणार. पण २००८ सालातली एक दुपार मात्र त्यांच्या मनातून जात नाही.

कापडे गावाहून येऊन गोमाजींनी महाडात फोटो स्टुडिओ काढला, त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती. गल्फला निघालेला निम्मा तालुका पासपोर्टच्या फोटोसाठी त्यांच्या पांढऱ्या पडद्यासमोर बसून गेला होता. गेलेल्यांना घरची माणसं दिसावीत म्हणून उतारवयात त्यांनी हौसेने तीन आयपी कॅमेरे घेतले. इंटरनेटला जोडले की इथलं चित्र तिकडच्या कॉम्प्युटरवर.

समोरच्या हॉलमध्ये रहिमाच्या मुलीचा, महेकचा निकाह ठरला. बाप उझैर कतारला, दोह्यात. त्याला रजा मिळाली नाही. रहिमा येऊन म्हणाली, "काका, पोरगी कबूल म्हणताना बापाला दिसू दे. दुसरं काय नको." गोमाजींनी शब्द दिला. पाचच्या सुमाराच्या असरच्या नमाजानंतर निकाहचे वकील आणि साक्षीदार नवरीची संमती विचारायला स्टुडिओतच येणार होते.

आदल्या दिवशी एक कॅमेरा लावून पाहिला तेव्हा चित्र स्वच्छ आलं. लग्नाच्या दुपारी तिन्ही जोडले आणि सगळं बिनसलं. घटकेत खुर्ची दिसे, घटकेत दार, मग नुसता काळा पडदा. साडेतीन वाजले. महेक हिरवी साडी नेसून खुर्चीत येऊन बसली. तिच्याकडे पाहायचाही गोमाजींना धीर होईना. त्यांनी रजेवर घरी आलेल्या नझीरला फोन केला.

नझीर जेवणावरून उठून आला. आल्या आल्या त्याने तिन्ही कॅमेऱ्यांच्या वायरी उपसल्या.

"अरे, होतं तेवढंही घालवलंस," गोमाजी म्हणाले.

"एका वेळी एकच, काका. कुवेतला गोरा साहेब असला तरी आपण हेच करतो." पहिला कॅमेरा जोडून त्याने कॉम्प्युटरवर पाहिलं, तो काढून दुसरा जोडला, मग तिसरा. "यांना नेटवरचे पत्ते कोणी दिले?"

"मीच. पहिल्याचा चालला, म्हणून तोच बाकीच्यांना घातला."

"तिघांना एकच पत्ता?"

"त्यात काय? आमच्या वाडीत सगळ्यांची पत्रं गणूच्या दुकानाच्या पत्त्यावरच येतात."

"आणि मग?"

"मग गणू हाक मारून ज्याचं त्याला देतो."

वायरी जोडलेल्या राउटरकडे बोट दाखवून नझीर गालात हसला. "या डब्यात गणू नाय बसलेला, काका. याला ज्याचं त्याचं घर वेगळं लागतं."

खुर्चीतली महेकही पदराआड हसली. गोमाजी ओशाळले, पण छातीवरचा दगड थोडा हलला. नझीरने एकेक कॅमेरा जोडून पत्त्याचा शेवटचा आकडा बदलला: एकवीस, बावीस, तेवीस. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावून तो आकडा पेनाने लिहिला. मग तिन्ही वायरी एकत्र जोडल्या. खुर्ची, पडदा, दार, तिन्ही चित्रं एकाच वेळी आली आणि स्थिर राहिली.

असर झाली. वकिलांनी विचारलं, महेक हळू आवाजात कबूल म्हणाली. गोमाजींचं लक्ष मात्र टेबलावरच्या फोनकडे होतं. फोनवर दोह्याहून उझैर होता. त्याला दिसलं की नाही?

शेवटी त्याचा आवाज आला. "रहिमा, दाराजवळ उभी राहून काय रडतेस गो? पोरीजवळ जाऊन बस."

रहिमाने दचकून दारावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. गोमाजी स्टुलावर बसले, कपाळावरचा घाम पुसला.

आठवड्याने नझीर पुन्हा कुवेतला गेल्याचं त्यांच्या कानावर आलं. पुढे त्याने बिऱ्हाडही तिकडेच नेलं म्हणतात. भेट राहिली ती राहिलीच. निकाहच्या त्या संध्याकाळी हॉलमधून बिर्याणीचा वास येत होता आणि नझीर स्टुडिओच्या दारात चपला घालत होता.

"काका, त्या पट्ट्या काढू नका हां."

"नाय काढत. चहा घेऊन जा."

"आता नको. उद्या येतो."