गर्दी शून्यावर

रेंगाळणाऱ्या गोष्टी पळवायच्या, यावर माझं पोट चालतं. कंपनीचा एखादा प्रोग्रॅम संथ झाला की तो माझ्याकडे येतो आणि मी त्यातलं नको ते काढून टाकतो. हे काम मी नल्लकुंट्याच्या घरात मधल्या खोलीत बसून, दार लावून करतो. दाराबाहेर आई असते. वडील गेल्यापासून ती दिवसभर एकटीच असते. मी घरात असूनही ती एकटी असते, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आई बोलकी बाई. गुडघे धड होते तोवर दर उन्हाळ्यात बेगम बाजारात मिरच्या घ्यायला जायची आणि दुकानदाराच्या पोराबाळांची चौकशी करून, थोडं त्याच्याशी भांडून, खुशीत घरी यायची. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि जिना उतरणं बंद झालं. मग माझी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली. जाताना तिने आपला जुना कॉम्प्युटर हॉलमध्ये मांडून दिला आणि आजीला त्यातला एक गेम शिकवला. एका गावात हिंडायचं, लोकांची कामं करायची आणि बक्षिसं मिळवायची, असा तो गेम. आईने बक्षिसांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती नुसती हिंडायची. दुपारचा चहा झाला की पदराने चष्मा पुसायची आणि म्हणायची, "जरा जाऊन येते."

कॉम्प्युटर म्हातारा, आणि त्यातलं चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड त्याहून म्हातारं. चित्र अडखळत चालायचं, बाजाराच्या चौकात तर गोठूनच जायचं. पंखा असा घरघरायचा की मीटिंगमध्ये मला माइक बंद ठेवावा लागायचा. खरं सांगायचं तर दुरुस्तीची घाई मला त्या घरघरीमुळे झाली होती. आईला मात्र ऐटीत म्हटलं, "तुझा गेम पळवूनच दाखवतो बघ."

"हल्लू चालायलंय, पण चालायलंय की," ती म्हणाली. "कायकू त्रास घेतोस?"

ऐकेन तर तो मी कसला! एका रविवारी कॉम्प्युटर उघडून बसलो. पंख्यावर धुळीची गादी बसली होती, ती ब्रशने झाडली. कार्डाची चिप थंड ठेवणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नवा टाकला. पंखा जरा शांत झाला, चित्रही थोडं सुधारलं. इथेच हात आवरायला हवा होता. पण दर सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत होता, आणि आकडा दिसला की माझ्या अंगात येतं. मी सावल्या बंद केल्या. गवत काढलं. लांबचे डोंगर घालवले. आकडा चढत गेला. शेवटी सेटिंगमध्ये 'गर्दी' नावाची एक पट्टी सापडली. ती ओढून शून्यावर आणली आणि गेम सुसाट पळायला लागला.

आईला हाक मारली. ती गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडखळता जाऊन आली. "छान झालं रे," म्हणाली, "फार मेहनत घेतलीस." मी त्या आकड्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि शाबासक्या गोळा केल्या.

त्यानंतर आईचं 'जरा जाऊन येते' बंद झालं. चहा झाला की ती टीव्ही लावून बसायची. माझ्या हे लक्षात यायलाही वेळ लागला, कारण शांतता मला सोयीचीच होती. आणि लक्षात आलं तेव्हा मी चिडलो. कामातून उठून हॉलमध्ये गेलो आणि म्हणालो, "अख्खा रविवार घातला मी तुझ्यासाठी, आणि तू उघडूनही बघत नाहीस?"

आईने टीव्हीचा आवाज बारीक केला. "माणसं नाहीत रे त्यात आता," ती म्हणाली. "तळ्याजवळ बाकावर एक म्हातारे बसायचे, कबुतरांना दाणे टाकत. मी जाऊन उभी राहायचे त्यांच्यापाशी. ते दिसत नाहीत. चौकातली फुलवाली पण नाही. नुसती घरं राहिलीत."

यावर मी काय करावं? मी तिला समजावून सांगितलं. ती माणसं खरी नसतात, त्यातल्या प्रत्येकाला कार्ड काढत बसतं, जुन्या कार्डाला ते झेपत नाही, गर्दी काढली म्हणून तर वेग आला. शाळेतल्या ढ मुलाला सांगावं तसं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"असंल," ती म्हणाली. "कार्डाला त्रास होत असंल तर राहू दे."

हा टोमणा असता तर मी भांडलो असतो. पण तो टोमणा नव्हता. माझ्या बंद दाराबाहेर उभी राहून "कामात असशील तर राहू दे" म्हणते ना, अगदी त्याच सुरात ती बोलली होती. माझे कान तापले. इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल. काय नको ते ठरवण्याचा पगार घेणारा मी, आणि तिला काय हवं ते एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या दिवसात भेटणारी ती दोन माणसं मी एका आकड्यापायी पुसून टाकली होती. तिसरा माणूस दाराआड बसला होता, आणि तो तर कधी भेटतच नव्हता.

मी तिथेच खुर्ची ओढली आणि गर्दीची पट्टी पुन्हा वर नेली. सावल्या आणल्या, गवत आणलं, डोंगरही आणले. पंखा पुन्हा घरघरायला लागला. माझा फोन मीटिंगची आठवण करून देत होता, तो पालथा घातला.

"बस मग," आई म्हणाली आणि चष्मा पुसून निघाली. चौकात आम्ही गोठलो, तेवढ्यात तिने फुलवालीची टोपली न्याहाळून घेतली. मग अडखळत अडखळत तळ्यापाशी पोचलो. म्हातारे बाकावर होते. दाणे टाकताना त्यांचा हात मध्येच अडकला, थांबला, मग दाणे पडले. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. माझ्याकडे जरा मान वळवून तिने त्यांना सांगितलं,

"हा आमचा मुलगा. कामात असतो, म्हणून आला नव्हता इतके दिवस."

मला वर बघवेना. मी खाली मान घालूनच त्या म्हाताऱ्यांना हात जोडले.