टोपणाआडून हसलेले नाना

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. भूत दिसलंच तर मी म्हणेन, "भाऊ, जरा उजेडाकडे तोंड करता का?" फोटोग्राफीचा नादच तसा! लोक विषय शोधायला लडाखला जातात... मला जळगावच्या बाजारात वांग्यांच्या ढिगावर पडलेलं ऊन पुरतं. लेन्स एकच, पन्नास एमएमची. झूम हवा तर दोन पावलं पुढे जायचं. आणि प्रेरणा? बायको. ती "तुम्हाला जमायचं नाही" म्हणाली, की मी निघालोच.

या वेळचा विषय — सासरे. साक्रीजवळच्या खेड्यातले आमचे नाना फोटोत हसतच नाहीत. गेल्या वर्षी वाढदिवसाच्या बॅनरवर त्यांचा आधार कार्डावरचा फोटो लावला, तर दोन पाव्हणे थेट सांत्वनाला आले. खाली मान घालून दारातल्या नानांनाच विचारलं, "कव्हय गयात नाना?"

"यंदा हसरा फोटो आणतो," मी म्हणालो.

"नाही आणला तर?" बायको.

"तर कॅमेरा विकून तुला मिक्सर!"

"कंपनी मी सांगेन हं."

माझा कॅमेरा जुना, रोलवाला. त्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी — हे लक्षात ठेवा. भर दुपारी नानांना विहिरीजवळ बसवलं. अर्धा रोल मारला, नाना ढिम्म. मागे बांधलेला बैल जास्त हसरा दिसत होता!

शेवटी काकुळतीला आलो. "नाना, मिक्सरची वेळ आणू नका हो!" म्हणत पुन्हा डोळा लावला... आणि नाना फुटलेच. मांडीवर थाप, टोपी हवेत, बोट माझ्या लेन्सवर —

"ओ जवाईबापू, टोपन तं काढा! आंधया फोटू काढी राह्यनात का?"

दचकून माझ्याकडून बटण दाबलं गेलं. मग बघतो तर लेन्सवर टोपण गच्च! सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. मी टोपण काढेपर्यंत नाना पुन्हा आधार कार्ड.

रोल धुऊन आला. आधीच्या फ्रेम कोऱ्या, नंतरच्यांत आधार कार्ड. आणि मधोमध एक — टोपी हवेत, उरलेसुरले सगळे दात बाहेर, बोट थेट आपल्याकडे!

मित्र म्हणतात, टोपण तेवढ्यात निसटलं असेल. अहो, निसटलं असतं तर नाना हसले कशाला असते? हसले म्हणजे टोपण होतं. आणि टोपण होतं तर फोटो आला कसा?

नानांना विचारलं. "माले काय इचारतस? फोटू तं तुम्ही काढेल शे!"

बॅनर चौकात झळकतोय. खालून जाणारा प्रत्येक जण नानांचं बोट बघतो आणि आधी आपल्या शर्टाची बटणं तपासतो.

परवा मुद्दाम टोपण लावून अख्खा रोल मारला. कोरा. म्हणजे उलगडा काही नाही... कॅमेरा मात्र वाचला. पण "टोपण लावून काढलेला फोटो धरायचा नाही" असं बायको म्हणाली, आणि ओट्यावर मिक्सर आला. पैज जिंकूनही तो कसा आला, याचाही उलगडा मला अजून झालेला नाही.