मी आवाज खाली केला

नवऱ्याला हे ठाऊक नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. ती दर उन्हाळ्यात शिरूरला माझ्या घरी येते, ओट्यापाशी उभी राहून माझ्याच चहाला नावं ठेवते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. तुम्हाला तोंड दाखवायचं नाही म्हणून असेल. काय ते तुम्ही समजा.

कुठून सुरू करू? पेनांगपासूनच करावं लागेल.

पेनांग म्हणजे मलेशियातलं एक बेट. रांजणगावच्या कारखान्यातून माझ्या नवऱ्याची तिथे बदली झाली, आणि वरवंडची लेक, शिरूरची सून अशी मी थेट अठराव्या मजल्यावर राहायला गेले. खाली पोहण्याचा तलाव, समोर समुद्र. लिफ्टमध्ये पाटी — ड्युरियन आत आणू नये. ड्युरियन हे तिथलं उग्र वासाचं फळ, फणसासारखं काटेरी. गावी फोटो पाठवले की जावा म्हणायच्या, मजा हाय बाई तुझी! कसली मजा? नवरा सकाळी सातला जायचा तो दिवेलागणीनंतर यायचा. दुपारी पाऊस ठरलेला. मी टीव्हीवर मलय बातम्या लावून बसायचे. एक शब्द कळायचा नाही, पण घरात माणसाचा आवाज तरी व्हायचा.

मराठी बायका होत्या, नाही असं नाही. सात-आठ जणी. त्यांतल्या बहुतेक आमच्याच इमारतीत. महिन्यातून दोनदा जमायचं, कुणी मिसळ करायची, कुणी साबुदाण्याची खिचडी. नीलिमावहिनी सगळ्यांत मोठ्या, पुण्याच्या, बोलणं मोजकं. बाकीच्या मुंबई-नागपूर-नाशिककडच्या. माझी भाषा ऐकून त्या हसायच्या. प्रेमानं हसायच्या, असं मी धरून चालायचे.

नंदा मला बाजारात भेटली. तिथल्या तमिळ लोकांच्या पेठेत मी कोथिंबिरीची गड्डी उचलली आणि मागून आवाज आला, "आवं, ती शिळी हाय, घिऊ नका." समुद्रापार, त्या गर्दीत — 'घिऊ नका'! मी वळून बघितलं आणि सांगते तुम्हाला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं माहेर दौंडची रेल्वे कॉलनी, वडील रेल्वेत होते. वरवंड आणि दौंड, मध्ये अर्ध्या तासाची एसटी. आम्ही दोघी तिथेच रस्त्यावर तासभर बोलत उभ्या राहिलो.

तिच्या नवऱ्याची कंपनी लहान, म्हणून घर लांब होतं, साध्या इमारतीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती दिसली आणि तिच्यावर बाबासाहेबांचा फोटो. मी बघितलं, चहा प्याले, भाकरीही खाल्ली. मला काहीच वाटलं नाही — निदान तेव्हा मला असं वाटलं की मला काही वाटलं नाही. वरवंडला आमच्या घरी शेतावर येणाऱ्या बायकांचे कप वेगळे असायचे, खिडकीत पालथे घातलेले. मी शिकलेली, मी ते सगळं मागे टाकलेलं, अशी माझी माझ्याबद्दल फार चांगली समजूत होती.

नंतर मला डेंग्यू झाला. त्या बेटावर तो नेहमीचाच. नवऱ्याला रजा मिळेना. नंदा लेकीला शाळेत सोडून, बस बदलून बदलून रोज यायची. दौंडहून आणलेलं हुलग्याचं पीठ तिने जपून ठेवलं होतं, त्याचं माडगं करून मला चमच्यानं पाजायची. मी उलटी केली तर हात पुढे करायची. इतर बायकांचे फोनवर फुलांचे आणि हात जोडलेले निरोप येत होते. हे मी मुद्दाम सांगते आहे — पुढचं ऐकताना तुम्ही हे विसरू नये म्हणून.

बरी झाल्यावर मीच तिला आमच्या घोळक्यात नेलं. आणि ती सगळ्यांची झाली. का नाही होणार? हसरी, हाताला चव, कुणाचं पोर रडलं तर आधी उचलणारी. तिचं आडनाव आमच्याकडे कुणाचंही असतं तसं होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

मार्चमध्ये कुणीतरी म्हणालं, गावाकडं आता कुरडया घालत असतील. झालं! ठरलं की आपणही गच्चीत घालायच्या. विचार करा, जिथे हवेत पाणी असतं आणि दुपारी पाऊस चुकत नाही, तिथे आम्ही कुरडयांना निघालो. आम्हीच असं करू जाणे. मी पुढारीपण घेतलं. तीन दिवस गहू भिजवले, मिक्सरवर वाटले, चीक काढला, शिजवला, सोऱ्यातून पाडल्या. शेजारच्या चिनी आजीबाई येऊन शेवयांचाच प्रकार समजून मान डोलावून गेल्या. नेपाळी गार्डनं फोटो काढले. तिसऱ्या दिवशी माझ्या सगळ्या कुरडयांवर काळे ठिपके पडले होते. सगळ्या टाकाव्या लागल्या.

नंदानं पुढच्या आठवड्यात पुन्हा गहू भिजवले. सकाळी गच्चीत ऊन दाखवायचं, ढग आले की सगळं उचलून आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली. चार दिवस ती आमच्याकडेच होती. पांढऱ्याशुभ्र झाल्या. तळल्या की तळहाताच्या दुप्पट फुलायच्या. तिने प्रत्येकीसाठी पिशवी भरली, आपल्या हातानं नावाची चिठ्ठी लावली आणि वाटून आली. सगळ्यांच्या तोंडी नंदा, नंदा. एक जण मला म्हणाली, "मनीषा, तू आता नंदाची शिकवणी लाव." मी हसले.

इथे थांबावंसं वाटतं. तुम्हाला वाटत असेल, एवढ्याशा गोष्टीनं? हो, एवढ्याशाच. मोठं काहीतरी कारण असतं तर ते सांगताना मला बरं तरी वाटलं असतं.

दोन दिवसांनी आम्ही पाच जणी दुपारी खायला गेलो होतो. तिथे उघड्या पत्र्याखाली खाण्याच्या गाड्या ओळीनं असतात, तशा ठिकाणी. नंदा नव्हती, नीलिमावहिनीही नव्हत्या. बोलता बोलता एकीनं विचारलं, "नंदा तुमच्याच बाजूची ना? तुमच्यातलीच का गं?"

मी काय म्हणू शकले असते? 'माझी मैत्रीण आहे' म्हणता आलं असतं. 'तिलाच विचारा' म्हणता आलं असतं. काही न बोलता सरबत प्यायला काय हरकत होती? मी इकडे-तिकडे बघितलं. तिथे मराठी कळणारं दुसरं कोण असणार? तरी बघितलं. टेबलावर वाकले आणि आवाज खाली करून म्हणाले, "नाही गं. त्यांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो असतो."

वाक्य खरं होतं. फोटो होताच, आणि नंदाला त्याचा अभिमान होता. मी खोटं बोलले नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. पण मग आवाज का खाली केला? त्या आवाजानं मी चौघींना सगळं सांगितलं — काय समजायचं, कसं वागायचं.  एकीनं फक्त "अच्छा" म्हटलं आणि विषय बदलला. आणि मला, कसं सांगू, बरं वाटलं. मी पुन्हा त्यांच्यातली झाले होते.

पुढच्या आठवड्यात नंदा माझ्याकडे आली होती. जाताना म्हणाली, कचरा मीच खाली टाकते, तुम्ही कशाला उतरता. मीही तिला सोडायला म्हणून बरोबर उतरले. इमारतीच्या तळमजल्यावर कचऱ्याची खोली होती. नंदा आत गेली ती बाहेर येईना. मी डोकावले. ती उकिडवी बसली होती आणि तिच्यापुढे चार पिशव्या होत्या, न उघडलेल्या. चिठ्ठ्यांसकट.

"ताई, ह्या माझ्याच हायेत. माझंच अक्षर हाय." ती रडली नाही. एकेक चिठ्ठी वाचत राहिली. मग म्हणाली, "कुणी सांगितलं असंल? मी लपवलं कवा हुतं? इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं की."

तिला लगेच कळलं होतं, बघा. काय झालं असेल हे तिला विचार करून शोधावं लागलं नाही. आणि मी तिच्याशेजारी उभी होते.

तेव्हा तरी सांगता आलं असतं. ती मला काय बोलली असती ते बोलली असती. पण मी काय केलं? मी त्या चिठ्ठ्या बघितल्या. नीलिमावहिनींचं नाव त्यांत नव्हतं. कसं असेल? त्यांनी आदल्याच संध्याकाळी तळलेल्या कुरडयांची ताटली माझ्याकडे पाठवली होती, वर निरोप — नंदाच्या हाताला तोड नाही. हे मला माहीत असताना मी म्हणाले, "नीलिमावहिनींची पिशवी दिसत नाही. त्या आधीच टाकून मोकळ्या झाल्या असतील. त्यांनीच सांगितलं असणार सगळ्यांना."

नंदा तशीच उठली आणि लिफ्टकडे गेली. मी मागोमाग — तिला आवरते आहे असं दाखवत. नीलिमावहिनींनी दार उघडलं. नंदा म्हणाली, "आमच्या हातचं खायाचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं हुतं. दुसऱ्यांचे कान कशाला भरले?" वहिनी गोंधळल्या. "नंदा, मी काय केलं?" एवढंच म्हणाल्या. मग त्यांची नजर नंदाच्या खांद्यावरून माझ्यावर आली. नंदाच्या गावाकडची, तिच्या घरी जाऊन आलेली, आमच्यात एकटी मीच होते. मी नजर वळवली आणि लिफ्टच्या दिव्याकडे बघत राहिले. वहिनींनी हळूच दार लावून घेतलं.

नंदा पुन्हा त्या इमारतीत आली नाही. पोरांची शाळा एकच होती; शाळेच्या फाटकाशी त्या चौघींना बघून तिची लेक "काकू" म्हणत धावायची, तेव्हा ती तिचा हात ओढून धरायची. दोन महिन्यांत तिने सामान बांधलं. नवरा तिथेच राहिला, ती लेकीला घेऊन दौंडला आली. पोरगी त्या शाळेत चांगली रुळली होती, तिचं वर्ष मधेच सुटलं. विमानतळावर सोडायला मी गेले होते. माझ्या गळ्यात पडून नंदा म्हणाली, "एवढ्या मोठ्या बेटावर तुमच्या एकट्या घरात माझ्या कुरडया ऱ्हायल्या, ताई." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आम्हीही पुढे परत आलो. नंदाचा नवरा आला, संसार सावरला. आता दौंड-शिरूर आमचं येणं-जाणं आहे. तिच्या लेकीच्या लग्नात मला मावशी म्हणून पुढे उभं केलं. विहीणबाईंना तिने सांगितलं, "ह्यांनी कवा आपपर केला न्हाई." मी साडीचा पदर सारखा करत उभी राहिले. दर वेळी वाटतं, आज सांगावं. दर वेळी ती काहीतरी चांगलं बोलते आणि मी चहा ठेवायला उठते. भीती तिच्या रागाची नाही. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघते ती नजर मला सोडवत नाही — जी माझी नाहीच, चोरलेली आहे.

गेल्या हिवाळ्यात नीलिमावहिनींचा फोन आला. इतक्या वर्षांनी. सोलापूरहून गाडीनं पुण्याला येणार होत्या. म्हणाल्या, वाटेत दौंडला उतरून नंदाला भेटावंसं वाटतं, तिला विचारशील का? मी म्हटलं, विचारते. विचारलं नाही. दोन दिवसांनी मीच फोन करून सांगितलं, नंदाला भेटायचं नाही म्हणते.

 मग वहिनी म्हणाल्या, "मनीषा, तू घाबरू नकोस. मी तिला तुझं नाव सांगायला जाणार नव्हते. ते तूच सांग." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांची गाडी दौंड स्टेशनवर थांबली असेल. नंदाचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. त्यानंतर नंदा दोनदा माझ्याकडे राहून गेली. मी तिला सांगितलेलं नाही.